तळ्यावरची साय

दूधखार गावच्या हिरामणचं सगळं आयुष्य पाणी उडून जाण्यावर चाललं होतं. पेणच्या खाडीकाठी त्याचं लहानसं मिठागर होतं. भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं आणि मग ऊन-वाऱ्याच्या हवाली करायचं. पाणी जातं, मीठ राहतं. या धंद्यात माणसाने करायचं ते थोडंच, बाकी सगळं आभाळ करतं, असं तो म्हणायचा. आणि एवढं म्हणून दिवसभर कमरेत वाकून लाकडी दांताळं ओढायचा.

त्याची मुलगी अनिता रसायनशास्त्र शिकली. रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत तिला संशोधनाचं काम मिळालं, आणि ते काम नेमकं पाणी उडू न देण्याचं होतं. हिरामणने ही बातमी शांतपणे ऐकून घेतली. शेजारी अभिनंदन करायला आले तेव्हा तो म्हणाला, "पाणी उडवून हिला शिकवलं. आता शिकून आली तर पाणी उडू देनार नाय म्हनते."

कंपनी खरं तर साबणाच्या धंद्यातली. कपड्याच्या पावडरीला फेस आणणारा माल ती बनवायची. खोबरेल, पामतेल, एरंडेल असली तेलं आत जायची आणि त्यांतून नाना प्रकारची पिठं, मेणं आणि चिकट पदार्थ बाहेर यायचे. संशोधन विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक खोली. तिथले प्रमुख निसीम अष्टमकर. ते रोह्याजवळच्या अष्टमी गावचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून त्यांच्या समाजाला कोकणात शनवार तेली म्हणत. घरातले बहुतेक जण केव्हाच इस्रायलला गेले होते. तुम्ही का राहिलात, असं कुणी विचारलं की निसीम सर सांगायचे, "तेल तिकडेही आहे, पण इकडचं ओळखीचं आहे."

खोबरेलापासून निघणारी एक पांढरी, मेणासारखी पूड सरांनी अनिताकडे सोपवली होती. ही पूड साठलेल्या पाण्यावर टाकली की आपली आपण पसरते आणि पाण्यावर न दिसणारी साय धरते. ती साय धड असेल तर पाण्याची वाफ कमी होते. खोलीतल्या ट्रेमध्ये हे सगळं व्यवस्थित घडत होतं. पण ट्रेमधलं पाणी वाचवून कुणाचं भलं होणार? सरांनी विचारलं, "एखादं तळं आहे का तुझ्या ओळखीत?"

अनिताच्या ओळखीत एकच तळं होतं, आणि त्या तळ्याशी तिचं जुनं भांडण होतं.

दूधखारला विहीर खणली तर खारं पाणी लागतं. गाव पितं ते पावसाचं, तळ्यात साठवलेलं. तळ्याला दगडी पायऱ्या आहेत आणि गावाचं पंचांग त्या पायऱ्यांवर चालतं. शिमग्याला अमुक पायरी उघडी पडते, पाडव्याला तमुक. हनुमान जयंती झाली की तळाचा चिखल दिसतो आणि टँकरची वाट बघणं सुरू होतं. टँकर आला की गाव त्याच्यावर तुटून पडतं. मागच्या उन्हाळ्यात त्या रेटारेटीत अनिताची आई बायजाबाई हंड्यासकट खाली पडली आणि तिचं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं. भरलेला हंडा कमरेवर घेताना आता ती हात वेगळ्याच पद्धतीने वळवायची आणि कुणी पाहिलं तर म्हणायची, "टँकरची भेट हाय."

यंदा आई टँकरसमोर उभी राहता कामा नये, एवढंच अनिताच्या मनात होतं. सरांना तिने हे सांगितलं नाही. तळ्याला चारी बाजूंनी बांध आहे, बांधावर भेंडीची झाडं आहेत, भाजीची नव्हे, मोठाल्या सावलीची, त्यामुळे वारा कमी लागतो, एवढं सांगितलं. तेही खरंच होतं.

गावाची परवानगी हवी म्हणून मारुतीच्या देवळात बैठक झाली. सरपंच नाथाभाऊंनी विचारलं, या पुडीला नाव काय? अनिताने सांगितलं, सिटाइल अल्कोहोल. मागे बसलेली चार मंडळी उठून पुढे येऊन बसली. हे त्या कुळातलं नुसतं नाव आहे, याने काही चढत नाही, हे तिने समजावून सांगितलं, तेव्हा ती मंडळी परत मागे गेली.

मग कुणी तरी विचारलं, पोटात गेलं तर? अनिताने चिमूटभर पूड तोंडात टाकली आणि गिळली. चव कशी आहे, असं विचारल्यावर तिने मेणबत्तीसारखी आहे असं खरं ते सांगून टाकलं. ही पूड तोंडाला लावायच्या क्रीममध्येही असते, असंही ती म्हणाली.

"म्हंजे तळ्याला स्नो लावायचा म्हन की," बायजाबाई म्हणाली.

"हो आई, तसंच."

"लाव गो. काळवंडलंयच ते."

परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर पोरं जमली. ही साय असते तरी कशी, असं त्यांनी विचारलं. अनिताने त्यांना खाली बसवलं. ती म्हणाली, या पुडीचा एकेक कण इतका बारीक, की डोळ्याला दिसायचा नाही. प्रत्येकाला एक डोकं आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला आवडत नाही. मग तो पाण्यावर पडला की काय करेल? डोकं पाण्यात खुपसेल आणि शेपूट वर काढून उभा राहील. असे लाखो-करोडो शेजारी शेजारी उभे राहिले, की कसं दिसेल? एका पोराने राबाकडे बोट दाखवलं. भाताची रोपं उगवतात तो जमिनीचा तुकडा म्हणजे राब. पावसाळ्यात तिथे रोपं अशी दाट उभी असतात की मधली माती दिसत नाही. अनिता म्हणाली, अगदी तसंच. मुळं खाली, शेंडे वर, आणि मधून वाफेला वाट नाही.

साय दिसत नाही, मग ती आहे की फाटली हे ओळखायचं कसं? त्यालाही उपाय होता, आणि तो प्रत्येक घरात देव्हाऱ्यात होता. उघड्या, स्वच्छ पाण्यावर कापराचा बारीक तुकडा टाकला की तो वेड्यासारखा गरगर फिरतो. तो विरघळतो तिथे पाण्याचा ताण कमी होतो, आणि दुसऱ्या बाजूचं पाणी त्याला ओढून नेतं. पाण्यावर आधीच साय असेल तर कापूर जागचा हलत नाही. नाचला तर पाणी उघडं, बसला तर झाकलेलं.

अनिता आठवडाभर रोह्याला खोलीवर राहायची आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने घरी यायची. रोज तळ्यावर कापूर टाकायला भरवशाचं माणूस हवं होतं. हिरामणची मिठागराची वाट तळ्यावरूनच जायची, आणि सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे. पूड भरलेल्या कापडी पिशव्या बांबूला बांधून पाण्यावर सोडल्या, कापराची डबी त्याच्या हातात दिली आणि अनिता रोह्याला गेली.

पहिल्या शनिवारी ती आली तेव्हा हिरामणने सांगितलं, कापूर बसलेला हाय, सकाळी पन आनि सांजेला पन. अनिता खूश होऊन तळ्यावर गेली. पाणी दरवर्षीइतकंच उतरलं होतं.

तिला वाटलं, पूड कमी पडली. तिने पिशव्या वाढवल्या. पुढच्या शनिवारी हिरामणने तेच सांगितलं: बसलाय, अगदी पाटावर बसल्यासारखा. पाणी मात्र आपल्या चालीने पायरी उतरत होतं. अनिताला पुडीचा संशय आला, म्हणून तिने रोह्याला जाऊन त्याच पोत्यातली पूड ट्रेमध्ये तपासली. ट्रेमध्ये ती चोख काम करत होती. मग वाऱ्याचा संशय आला, मग शेवाळाचा, मग नाथाभाऊंच्या म्हशीचा. म्हशीवर एक दिवस पाळत ठेवली. म्हैस निर्दोष निघाली.

गावात आता बोलणं सुरू झालं. तळंच पूड पितंय, असं कुणी म्हणालं. पुडीचं नाव ऐकून आपल्याला आधीच वाटलं होतं, असं मागे बसणाऱ्या मंडळींपैकी एकाने सांगितलं. पाडव्याची पायरी पाडव्यालाच उघडी पडली. त्या दिवशी बायजाबाई गुढी उतरवताना सहज म्हणाली, "नाथाभाऊने टँकरचा अर्ज कधीचाच दिलाय. तू जिवाला लावून घेऊ नको गो." आणि वाकड्या हाताने तांब्या पुसत आत गेली.

रोह्याला परतल्यावर अनिताने सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, रविवारी येतो. शनिवारी ते प्रवास करत नसत.

रविवारी सकाळी सर पेणला उतरून रिक्षाने गावात आले. हिरामण मिठागरावर निघायच्या तयारीत होता. त्याने हात जोडले. सरांनी आपला हात पुढे केला. हिरामणने पंच्याला हात पुसला आणि दिला. मग सर ओसरीवर बसले, बायजाबाईने चहा आणला, आणि चष्मा सारखा करायला सरांनी हात वर नेला तो नाकापाशीच थांबला.

त्यांनी हात हुंगला. मग दुसरा हात हुंगला. मग परत पहिला.

"करंज," ते म्हणाले.

"व्हय साहेब," हिरामण म्हणाला. "मिठागरात उतरायचं तर करंजेल लावल्याबिगर भागत नाय. नायतर हातपाय फुटतात."

"कोण कोण लावतं?"

हिरामणला प्रश्नच कळला नाही. मिठागरावर जाणारे सगळेच लावतात, बाया, बाप्ये, पोरं. सकाळी उठून आधी पायांना तेल, मग बाकीचं.

अनिता खांबाला टेकून उभी होती. तिला कसलाच वास आला नव्हता. त्या घरात, त्या वासात ती वाढली होती. लहानपणी वडील मिठागरावरून आले की ती त्यांच्या पायाला बिलगायची, आणि तो वास तिच्या लेखी तेलाचा नव्हताच, वडिलांचा होता. तेलांच्या अभ्यासात तिला पहिला वर्ग मिळाला होता.

ती तळ्याकडे चालू लागली. सर आणि हिरामण मागोमाग आले.

पाणी भरायची वेळ होती. बाया पायऱ्या उतरून पोटरीभर पाण्यात जात होत्या, हंडा बुडवत होत्या, कमरेवर घेऊन वर येत होत्या. जिचा पाय पाण्यात शिरे, तिच्या पोटरीभोवती बारीक रंगीत कडं उमटे आणि पसरत पसरत नाहीसं होई. अनिताने हे कडं जन्मापासून पाहिलं होतं.

तिने चिमट्याने कापराचा तुकडा पाण्यावर सोडला. तुकडा जागच्या जागी बसून राहिला.

"झाकलेलं आहे, सर," ती म्हणाली.

"आहे," सर म्हणाले. "पण कोणी झाकलंय, ते कापूर सांगत नाही."

मग पायरीवर बसून त्यांनी हिरामणला समजावलं. तेलालाही डोकं आणि शेपूट असतं, पण करंजेलाच्या बऱ्याचशा शेपट्या मधेच वाकलेल्या. ती रोपं दाट उभी राहत नाहीत, फेंगडी पसरतात. पसरताना पुडीच्या उभ्या रोपांतही घुसतात आणि त्यांची रांग मोडतात. पाणी झाकलेलं दिसतं, कापूर बसतो, आणि वाफ मधल्या फटींतून आरामात निघून जाते.

हिरामणने महिनाभर सकाळ-संध्याकाळ कापूर टाकला होता. "म्हंजे मी रोज चुकीचं बघत होतो?" त्याने विचारलं.

"नाही बाबा," अनिता म्हणाली. "तुम्ही बरोबर बघत होतात. मी चुकीचं विचारत होते."

उपाय दोन होते. जुनं तेल काढायचं, आणि नवं येऊ द्यायचं नाही.

पहिला उपाय गावाला लगेच पटला, कारण तो मासेमारीसारखा होता. पेंढ्याचा तळ्याच्या रुंदीएवढा लांब, जाड दोर वळला. दोन्ही काठांवर माणसं उभी राहिली आणि त्यांनी तो दोर पाण्यावरून जाळं ओढावं तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेला. पुढे साचलेली तेलकट मळी पंच्यांनी टिपून घेतली. असं दोन-तीनदा केलं. मासा काही मिळाला नाही, पण ओढणाऱ्यांनी शेवटपर्यंत दोरापुढे बघितलं.

दुसरा उपाय अवघड होता. तेल न लावता पाण्यात उतरा, हे बायांना सांगायचं कुणी? नाथाभाऊंनी ते काम आपल्या पदाच्या बाहेरचं असल्याचं जाहीर केलं. शेवटी बायजाबाईच तळ्याच्या बांधावर जाऊन बसली. तेल लावायला परत घरी कोण जाणार, असं बाया म्हणाल्या. मग तिने तेलाच्या बाटल्या बांधावरच ठेवायला लावल्या: आधी पाणी, मग बांधाच्या पलीकडे जाऊन तेल. आधीचं तेल धुतल्यावरही पायात मुरलेलं असतं, त्याचं काय, असं एकीने विचारलं. प्रश्न रास्त होता. तेव्हा खाडीत पडलेल्या जुन्या होडीची एक लांब फळी आणून पायरीवरून पाण्यावर टाकली. फळीवर उभं राहायचं, वाकायचं, हंडा भरायचा. पाय पाण्याला लागता कामा नये. एक जण कुरकुरत राहिली, की हे सगळं कुणासाठी?

बायजाबाईने आपला वाकडा हात नुसता तिच्यासमोर धरला. कुरकुरणारी फळीवर चढली.

नवी पूड टाकण्याआधी अनिताने डबी वडिलांपुढे धरली. हिरामणने हात राखेने घासले, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, तरीही विश्वास न वाटून भेंडीच्या पानाच्या द्रोणात कापूर घेतला आणि पाण्यावर सोडला.

कापूर फिरला. आधी जागच्या जागी, मग तिरपा धावत सुटला, थांबला, वळला आणि पुन्हा धावला. महिनाभर रोज कापूर टाकूनही त्याला नाचताना हिरामणने पहिल्यांदाच पाहिलं. "अस्सा असतो व्हय," तो म्हणाला, आणि आणखी एक तुकडा सोडला.

मग अनिताने पिशव्या सोडल्या. थोड्या वेळाने कापूर बसला.

त्यानंतर पायऱ्यांचं पंचांग चुकू लागलं. हनुमान जयंतीला चिखल दिसायचा, तो दिसला नाही. दर शनिवारी अनिता पाण्याची पातळी मोजायला रोवलेल्या खुणांच्या बांबूशी उभी राहायची आणि मनातल्या मनात आकडे ताडून बघायची. पाणी उतरत होतं, पण दम घेत घेत. तिकडे मिठागरात पाणी नेहमीच्या झपाट्याने उडत होतं आणि मीठही चांगलं पडत होतं. एका घरात पाण्याच्या दोन चाली चालू होत्या आणि दोन्हीवर घर चाललं होतं. वैशाख भरात असताना सरांनी सांगितलं, असंच आणखी थोडे दिवस टिकलं तर हे काम मालकांपुढे ठेवता येईल. मालकांना साबणापलीकडचं काही पटवायचं तर आलेखावर सरळ उतरत जाणारी रेघ लागते.

आणि मग टँकर आला.

नाथाभाऊंचा अर्ज थंडीतलाच होता. तो मंजूर व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला, आणि मंजूर झाल्यावर टँकर निघाला. त्या दिवशी अनिता रजेवर घरी होती. टँकर तळ्यापाशी थांबला, ड्रायव्हरने सवयीने भोंगा दाबला, खाली उतरून नळी सोडवली आणि पटकन बाजूला झाला. कारण दर वर्षी याच वेळी त्याचा पाय तुडवला जायचा. कुणीच आलं नाही. त्याने पुन्हा भोंगा दाबला. तेव्हा बायजाबाई घरातून आली. हातात हंडा नव्हता. तिने विचारलं, चहा घेतोस का रं?

तो चहा घेत असताना बांधावर बैठक बसली. अनिताला वाटलं, टँकर आल्या वाटेने परत जाईल. पण नाथाभाऊंचा हिशेब वेगळा होता. यंदा परत पाठवला तर पुढच्या वर्षी आपलं नाव यादीत राहायचं नाही. आणि पुढच्या वर्षी पूड असेल की नसेल, पोरीची नोकरी असेल की नसेल, कुणी सांगावं? दारात आलेलं पाणी परत धाडू नये. सगळ्यांना ते पटलं. पण हंडे भरायला कुणी तयार नव्हतं, कारण हंडे सकाळीच भरले होते.

"तळ्यात सोड," नाथाभाऊ ड्रायव्हरला म्हणाले.

अनिता बांधावरून धावली, पण नळी तिच्या आधी पोचली. पाणी जोरात तळ्यात कोसळलं, लाटा पार समोरच्या पायऱ्यांपर्यंत गेल्या, आणि एवढ्या निगुतीने धरलेली साय चिंध्या होऊन काठाला लागली. नुकतीच उघडी पडलेली एक पायरी पुन्हा पाण्याखाली गेली.

रविवारी सर आले. त्यांनी बांबूवरची खूण पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली. "भर वैशाखात पाणी वाढलं," ते म्हणाले. "इतकं तर मी मागितलंच नव्हतं."

घडलं ते अनिताने सांगितलं. मालकांपुढे ठेवायची रेघ मधेच वर उडी मारत होती. सर म्हणाले, उडीच्या आधीचं तेवढं दाखवता येईल. अनिता म्हणाली, पूर्ण दाखवू या, टँकरसकट. नाहीतर पुढच्या वेळी कुणी विचारायचं, की तळं भरलं कुणी, आणि आपल्याला कापरासारखं गप्प बसावं लागेल. सर म्हणाले, बरं, मग पुढच्या उन्हाळ्याची पूडही मागून ठेवतो. एका तळ्याने मालक ऐकत नाहीत, दोन उन्हाळ्यांनी कदाचित ऐकतील.

बायजाबाई तेवढ्यात पाण्याला आली होती. फळीवर आपल्या गतीने गेली, वाकली, हंडा बुडवला, आणि हात त्या वेगळ्या पद्धतीने वळवून कमरेवर घेतला. मागे रांग नव्हती, पुढे रांग नव्हती. परत येताना ती सरांना म्हणाली, टँकरवाल्याला चहा गोड लागला. जाताना आपल्या तळ्याचं पानी बाटलीत भरून घेऊन गेला.

पलीकडच्या काठाला हिरामण राखेने हात घासत बसला होता. घासून झाले, धुऊन झाले, तेव्हा त्याने पानाच्या द्रोणातून कापूर सोडला, थोडा वेळ पाहिलं आणि इकडे वळून हाक मारली.

"अनिता, नाचतोय गो. पुडी आन."

तिने पिशवी उचलली आणि पाय पाण्याला लागू न देता फळीवरून पुढे गेली.